अंगठा

जळगाव-धुळ्याकडचा माणूस पुण्यात भेटला की गप्पा भरीत, शेवभाजी आणि उन्हाळ्यातलं तापमान यावर संपतात. पण आपल्या आयटीच्या इतिहासातलं एक मोठं पान खान्देशात उघडलं, हे फारसं कुणाला आठवत नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक टेंभली गावच्या रंजना सोनवणे यांना मिळाला. द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. टेंभली शहादा तालुक्यात, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात. १९९८ पर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता.

बोटाच्या ठशाची गोष्ट मात्र याच्या बरीच आधीची. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. कारण? उद्या याने 'सही माझी नाही' म्हणू नये! १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं खास कार्यालय निघालं. तिथली वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, नाव मात्र साहेबाचं लागलं, 'हेन्री पद्धत'. असो. मुद्दा असा की हे तंत्र जन्मलं तेच अविश्वासातून.

आधारची कल्पना वेगळी होती. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही, त्याला ओळख द्यायची. उद्देश चांगलाच. पण पुढे रेशन दुकानात पॉस मशीन आलं आणि दर महिन्याला अंगठा लावणं सुरू झालं. आता वीज, नेटवर्क, सर्व्हर आणि बोट, हे सगळं एकाच वेळी चालायला हवं. आपल्या ऑफिसात एवढ्या गोष्टी एकत्र किती वेळा चालतात, ते सांगायला नकोच :-)

आणि बोटं कुणाची? रावेर-यावलला केळीच्या चिकात काम करणाऱ्याची, कापूस वेचणारीची, ऊसतोडीला जाणाऱ्याची. झिजलेल्या बोटांचा 'थम लागत नाही'. मराठीत 'अंगठा दाखवणे' म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे मशीनच माणसाला अंगठा दाखवतं.

यावर सातत्याने काम केलंय ते आयआयटी दिल्लीत शिकवणाऱ्या अर्थतज्ज्ञ रीतिका खेरा यांनी. २०१७ मध्ये त्यांचा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. त्यांचा युक्तिवाद आपण इंजिनिअर लोकांनी पाठ करावा असा आहे. रेशनमधली चोरी मुख्यतः खोट्या माणसांमुळे होत नाही. दुकानदार ३५ किलो लिहून ३० देतो, तिथे होते. अंगठा माणूस ओळखतो, धान्य मोजत नाही. म्हणजे बग एका मॉड्यूलमध्ये आणि पॅच दुसऱ्याच!

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालू लागलं, ते आधारमुळेच. सातपुड्यातून गुजरातेत मजुरीला जाणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आधार असावं की नसावं, एवढाच प्रश्न नाहीये. अंगठा लागला नाही तर पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

आपण ९९ टक्के अॅक्युरसी आली की पार्टी करतो. १०० कोटी लोकांच्या सिस्टीममध्ये उरलेला एक टक्का म्हणजे एक कोटी माणसं. २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला. खाजगी कंपन्यांची आधारसक्ती गेली, सरकारी लाभांसाठीची राहिली. तो एक विरोधी मतवाला न्यायाधीश मराठी होता, धनंजय चंद्रचूड. माणसाचे हक्क संभाव्यतेच्या गणितावर टांगता येत नाहीत, हा त्यांच्या मताचा एक गाभा.

पुढे टेंभलीला पत्रकार पुन्हा पुन्हा जाऊन आले. रंजनाबाई मजुरीच करतायत, असं लिहून परतले. नंबर मिळाला, दिवस तेच.

'अंगठा लागत नसेल तरी धान्य द्या' अशा सूचना सरकारनेही २०१७ मध्ये काढल्या. पण सूचना कागदावर असते आणि रांगेत समोर मशीन असतं. तेव्हा मित्रांनो, पुढच्या रिलीजला कुणी 'ही एज केस आहे, नंतर बघू' म्हणालं, तर एकच विचारा: ती केस किती किलोमीटर चालत आली असेल?