अधिकार अभिलेखांचे स्वयंचलित अद्ययावतीकरण : शिरूर व दौंड तालुके

जमिनीवरील हक्कांत होणारे बदल महसुली दप्तरात वेळच्या वेळी आणून ते दप्तर वस्तुस्थितीशी जुळते ठेवणे, यास अधिकार अभिलेखांचे अद्ययावतीकरण म्हणतात. अशा प्रत्येक बदलाच्या नोंदीस ‘फेरफार’ ही संज्ञा रूढ आहे. विसाव्या शतकभर हे काम गावपातळीवर लेखणीने होत असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते मध्यवर्ती सर्व्हरवर गेले आणि खरेदीखताची नोंदणी होताच पुढील बरेचसे टप्पे खातेदाराने काही न करता, त्याच्या दृष्टीआड, आपोआप सुरू होऊ लागले. संगणकाच्या आज्ञावल्या धन्याला न विचारता स्वतःला अद्ययावत करून घेतात, त्याच जातीचा हा व्यवहार होय. मात्र येथे बदलणारी वस्तू आज्ञावली नसून एखाद्या कुटुंबाचा जमिनीवरील लेखी हक्क असतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत कागद आणि जमीन यांच्या संबंधाचा इतिहास विशेष तीव्र असल्याने या स्थित्यंतराचा विचार तेथून करणे सोयीचे ठरते.

शिरूर हे घोड नदीवर, तर दौंड हे भीमेवर वसलेले असून दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात होता. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे प्रांताची पहिली आकारणी प्रिंगल याने केली. तिचे दर जमिनीच्या मगदुराला न मानवणारे निघाल्यामुळे ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी लगतच्या इंदापूर तालुक्यापासून १८३६ च्या सुमारास नवी मोजणी व तीस वर्षांची जमाबंदी सुरू केली. या रयतवारी पद्धतीत सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि सारा भरण्यास जबाबदार असलेल्या खातेदाराचे नाव एवढेच दप्तरात येई. जमीन गहाण आहे काय, तिच्यात भाऊबंदांचे हिस्से किती, ती प्रत्यक्षात कोण कसतो, याची सरकारला गरज नव्हती. म्हणून ते कोठे लिहिलेही जात नसे. ते लिहिले जाई सावकाराच्या रोख्यात.

या उणिवेचा परिणाम १८७४–७५ मध्ये दिसून आला. शिरूर तालुक्यातील करडे या गावी डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने दिवाणी हुकूमनाम्याच्या आधारे तेथील देशमुखाचे घर विकत घेऊन ते पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा गावकऱ्यांनी परक्या सावकारांवर बहिष्कार घातला. तो आसपासच्या गावांत पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथील बाजारात (हे गाव आता बारामती तालुक्यात आहे) दंगल उसळली आणि तिचे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत गेले. हे प्रसिद्ध ⟶ दख्खनचे दंगे होत. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट आवर्जून नमूद केली : दंगेखोरांचा रोख प्रायः कर्जरोखे, हिशेबवह्या व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता आणि जेथे सावकाराने कागद निमूटपणे दिले, तेथे मारहाण क्वचितच झाली. अशिक्षित कुणब्याला कागदातील मजकूर वाचता येत नसे. पण आपल्या नकळत तो मजकूर बदलतो आणि मग जमीन जाते, एवढे त्याने ओळखले होते. याचा परिपाक म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता आणि शेतकऱ्याने करावयाचे दस्त ग्रामनिबंधकापुढे लिहिले जावेत, अशी तजवीज त्यात होती.

हक्कांची स्वतंत्र नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिनियमाने सुरू झाली व १९१३ मध्ये तिच्या तरतुदी जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आल्या. येथूनच फेरफार नोंदवहीचा खरा इतिहास सुरू होतो. कुलकर्णी वतने स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० च्या अधिनियमाने संपुष्टात आली व दप्तर सर्वत्र पगारी तलाठ्याच्या हाती आले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमान्वये जेथे योजना राबविली गेली, तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. पुढील काळातील क्षेत्राच्या अनेक तक्रारींचे मूळ या संक्रमणात सापडते.

सध्याची पद्धत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यावर आधारलेली आहे. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावे (कलम १४९), तलाठ्याने ती खबर फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहावी, तिची प्रत चावडीवर लावावी व हितसंबंधितांना लेखी नोटीस द्यावी (कलम १५०), हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी आणि मंडळ अधिकाऱ्याने किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, असा हा क्रम आहे. हरकतीसाठी प्रायः पंधरा दिवसांची मुदत असते. नोंद प्रमाणित झाल्यावर ती अधिकार अभिलेख पत्रकात (गाव नमुना ७) उतरते. पिकांच्या नोंदवहीसह (गाव नमुना १२) त्याचा जो उतारा मिळतो, तोच लोकव्यवहारातील ‘सातबारा’ होय. कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पीककर्ज, विक्री, भूसंपादनाचा मोबदला ही सर्व कामे या गृहीतकावर चालतात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव व दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे औद्योगिक क्षेत्रे झाल्यानंतर, तसेच धरणांच्या लाभक्षेत्रांतील जमिनींच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असे शेरे आल्यानंतर, एका ओळीच्या नोंदीचे मोल किती वाढले असेल याची कल्पना येते.

कायद्यातील क्रम निर्दोष असला, तरी व्यवहारात तो रेंगाळे. दस्ताची खबर नोंदणी कार्यालयाने तलाठ्याकडे पाठवावी असे कलम १५४ सांगते. पण कागद महिनोन्‌महिने पोहोचत नसे आणि खरेदीदारालाच सूची क्रमांक २ ची प्रत घेऊन तलाठ्याचा सज्जा गाठावा लागे. तोवर जुन्या उताऱ्यावर तीच जमीन दुसऱ्यास विकली जाण्याचा धोका असे.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. या पहिल्या पर्वात संगणक तहसील कचेरीत एकाकी उभा असे व त्यातील माहिती हस्तलिखित सातबाऱ्याच्या मागे राही. तालुक्यागणिक यंत्र निराळे, म्हणून आज्ञावलीत सुधारणा करावयाची झाल्यास ती प्रत्येक ठिकाणी नेऊन बसवावी लागे. २००८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर आणि २०१२ च्या सुमारास नोंदणी विभागाची ‘आय-सरिता’ प्रणाली आल्यानंतर ही अडचण दूर होऊ लागली. पुण्यातील जमाबंदी आयुक्त व संचालक भूमी अभिलेख यांच्या देखरेखीखाली, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘ई-फेरफार’ प्रणाली उभी राहिली. हिच्यात दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदविला गेला की त्याची माहिती आपोआप संबंधित तलाठ्याकडे जाते, त्यावरून फेरफार व नोटीस तयार होते आणि मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने अंकीय स्वाक्षरीने नोंद प्रमाणित करताच सातबारा बदलतो. माहिती व आज्ञावली या दोन्ही मध्यवर्ती ठिकाणी असल्याने सुधारणा एकदाच केली की ती सर्व तालुक्यांत लागू होते.

या सोयीची किंमतही होती. सर्व्हर संथ झाला की एका सज्जाचे नव्हे, तर जिल्ह्याचे काम अडे. दिवसा ताण फार असल्याने अनेक तलाठ्यांनी हे काम रात्री केले. त्याहून कठीण प्रश्न मूळ माहितीच्या शुद्धतेचा निघाला. जुने हस्तलिखित सातबारे टंकित होताना नावे गळाली, क्षेत्रे चुकली, शेरे सुटले. हस्तलिखित व संगणकीय उतारा तंतोतंत जुळविण्यासाठी ‘एडिट’ व नंतर ‘री-एडिट’ या स्वतंत्र आज्ञावल्या द्याव्या लागल्या, कलम १५५ खाली तहसीलदारांचे दुरुस्तीचे आदेश घ्यावे लागले आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन करून संगणकीय सातबारे लोकांना मोठ्याने वाचून दाखवावे लागले. नव्या यंत्राच्या खातरजमेसाठी शतकापूर्वीची चावडी पुन्हा उपयोगी पडली, ही बाब लक्षणीय आहे. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे सातबारे संकेतस्थळावर मिळू लागले. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलून त्यात गावाचा संकेतांक आला व लागवडयोग्य आणि पोटखराब क्षेत्र मिळून एकूण क्षेत्र दाखविण्यात येऊ लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू होऊन गाव नमुना १२ मधील पिकांची नोंद शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करू लागला.

यंत्राला किती स्वायत्तता द्यावी, हा यातील खरा वादाचा मुद्दा. संगणकाच्या दृष्टीने दस्त नोंदणी आणि सातबारा यांमध्ये पंधरा दिवस थांबण्याचे काही कारण नाही. फेरफार क्षणार्धात होऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो विलंब हाच शेतकऱ्याचा बचाव आहे, कारण बहिणीचा हिस्सा डावलून केलेली विक्री किंवा बनावट मुखत्यारपत्रावरील दस्त याच मुदतीत उघडकीस येण्याची शक्यता असते. प्रणाली रचताना नोटीस व मानवी प्रमाणन हे दोन्ही टप्पे कायम ठेवण्यात आले, हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. नोटीस बजावणी मात्र अजूनही दुबळी आहे. कामधंद्यासाठी पिंपरी-चिंचवड वा मुंबईत राहणाऱ्या सहहिस्सेदाराला करड्यातील किंवा पाटसच्या चावडीवरील कागद दिसत नाही.

स्वयंचलनाची दुसरी मर्यादा वारसनोंदींची होय. विक्रीचा दस्त सर्व्हरला कळतो. खातेदाराचा मृत्यू कळत नाही. वारसांनी ‘ई-हक्क’ प्रणालीवर किंवा सज्जात अर्ज करेपर्यंत मृताचे नाव तसेच राहते आणि दोन-तीन पिढ्या गेल्यावर एका गटाला अनेक हक्कदार निघतात. हा अनुशेष भरून काढण्यासाठी राज्य शासनाने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली. तीत २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे पदनाम मिळालेल्या तलाठ्यांनी गावातील मृत खातेदारांच्या याद्या करून व वारसांकडून कागदपत्रे घेऊन फेरफार नोंदवावेत, असे ठरले. याद्यांसाठीचे चावडीवाचन तेव्हाही तोंडीच होते.