रेल्वेने चालवलेली बस

गणेशविसर्जनाच्या दिवशी हुसेनसागराकडे जाणाऱ्या जादा बसगाड्यांत आपण सर्वांनीच कधी ना कधी धक्के खाल्ले आहेत. पण हैदराबादेत सरकारी बस आली कशी, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. दोनच वर्षांनी, जून १९३२ मध्ये, याच रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांनिशी सेवा सुरू केली. त्या काळी देशभर खासगी मोटारी रेल्वेला समांतर धावून तिचे उतारू पळवीत असत. इथे रूळ आणि रस्ता एकाच मालकाचे झाले. त्यामुळे बसने रेल्वेशी भांडायचे कारण उरले नाही. रेल्वे जिथे पोहोचत नाही तिथे जाणे हे तिचे काम ठरले.

१९५०-५१ मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली, बस राज्याकडे राहिली, आणि एका घराची दोन घरे झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांच्याबरोबर तिथली बससेवाही गेली आणि पुढे महाराष्ट्राच्या एसटीत मिसळली. म्हणजे मराठवाड्याच्या एसटीचे एक मूळ हैदराबादेत आहे! माझे वडील नोकरीसाठी नांदेडहून आले ते एसटीनेच, आणि उतरले गौळीगुड्याच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या अड्ड्यात. जुलै २०१८ मध्ये तो कोसळला, तेव्हा ते दिवसभर गप्प होते.

आज शहरात बस आहे, एमएमटीएस आहे, २०१७ पासून मेट्रोही आहे. डिसेंबर २०२३ पासून महिलांना बसप्रवास मोफत झाला आणि गाड्या भरून वाहू लागल्या. पण गर्दी म्हणजे कार्यक्षमता नव्हे. कोणत्याही शहरात दिसणारी गोष्ट पाहा : पुढची बस थोडी उशिरा आली की थांब्यावर जास्त माणसे साठतात, ती चढेपर्यंत बस आणखी रखडते, मागची रिकामी बस तिला गाठते. मग अर्धा तास काही नाही आणि नंतर तीन बस एकदम! वाट पाहून कंटाळलेला माणूस एक दिवस हप्त्याने दुचाकी घेतो आणि थांब्यावर परत येत नाही.

यावर उपाय नुसत्या नव्या गाड्यांचा नाही. दोन बसमधले अंतर सारखे राखणे, गर्दीच्या वेळी लांब मार्गाचे तुकडे करणे, आणि मेट्रोच्या किंवा लोकलच्या दारात वेळेवर बस उभी असणे, एवढे जमले तरी पुष्कळ. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यालाही कळावे इतके हे सोपे आहे. अवघड आहे ते वेगवेगळ्या खात्यांनी एका वेळापत्रकावर बसणे.

नव्वद वर्षांपूर्वी ते एका छपराखाली होते. छप्पर गेले, निदान वेळापत्रक तरी एक व्हावे, हेच विघ्नहर्त्याकडे मागणे.