गल्लीतली भाषा आणि पडद्यावरचे व्याकरण

सोलापुरात भाषा शिकावी लागत नाही, ती अंगाला चिकटते, असे इथे जवळजवळ सगळेच मानतात. मानायला कारणही आहे. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करत चाललेली तेलुगू, मार्केट यार्डात अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याची कन्नड, विजापूर वेशीत उर्दू, कचेरीत मराठी. शाळेची पायरी न चढलेला हमालही इथे चार भाषांत भाव ठरवतो. त्यामुळे कोणी मोबाइलवर धडे लावून कन्नड किंवा तेलुगू शिकायला बसला की लोकांना हसू येते. ‘पडद्याकडं बघून कुठं भाषा येती का? चार दिवस अशोक चौकात जाऊन बस की!’ त्यातून हाती व्याकरणाचे पुस्तक दिसले तर विचारूच नका.

हे मत निव्वळ चहाच्या टपरीवरचे नाही. अमेरिकन अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात तेच शास्त्राच्या भाषेत मांडले: समजेल असे बोलणे भरपूर कानावर पडले की भाषा आपसूक आत उतरते, नियम शिकून मिळालेले ज्ञान बोलताना फारसे उपयोगी पडत नाही. गंमत अशी की ऑनलाइन धडे विकणाऱ्यांची जाहिरातही याच सुरात असते: व्याकरणाची कटकट नाही, खेळता खेळता शिका. म्हणजे पडद्याला हसणारा सोलापूरकर आणि पडदा विकणारा व्यापारी वरवर एकमेकांचे विरोधक दिसले, तरी व्याकरण अनावश्यक आहे यावर दोघांचे एकमत आहे. माझा वाद या एकमताशी आहे.

पूर्वपक्षाचा हुकमी पुरावा म्हणजे लहान मूल. मूल व्याकरण न शिकता बोलते, मग मोठ्यांनी का शिकावे? पण मोठ्यांचा कान मुलाचा राहिलेला नसतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग यासाठी पाहावेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखत होती. पहिला वाढदिवस जवळ आलेल्या बाळांमध्ये मात्र ती जाण बरीचशी ओसरलेली आढळली. आपल्या भाषेला ज्या फरकाची गरज नाही, तो ऐकणे कान सोडून देतो. इंग्रजांना आपला ‘त’ जमत नाही म्हणून आपण हसतो. आपल्याही कानाला अशी भोके आहेत, ती आपल्याला दिसत नाहीत एवढेच.

कन्नडमध्ये ‘बेले’ म्हणजे किंमत, ‘बेळे’ म्हणजे पीक आणि ‘बेळे’ म्हणजेच डाळ. शेवटचे दोन शब्द मी सारखे लिहिले, कारण देवनागरीत आणि मराठी कानात ते सारखेच आहेत. कन्नडिगाला ते सारखे नाहीत. पिकातला ‘ए’ ऱ्हस्व आहे, डाळीतला दीर्घ, आणि त्यांच्या लिपीत दोन्हींची चिन्हे वेगळी आहेत. ‘ओ’चेही तसेच: ऱ्हस्व ओकाराचा ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ओकाराचा म्हणजे शिंग. तेलुगूत ऱ्हस्व एकाराची ‘मेड’ ही मान, दीर्घ एकाराची ‘मेड’ हा मजला. मराठीत ए आणि ओ यांच्या लांबीवर अर्थ अवलंबून नसल्यामुळे आपण सारा जन्म मार्केट यार्डात काढला तरी हा फरक कानात शिरेलच असे नाही. संदर्भाने काम भागते. डाळीच्या दुकानात पिकाचा भाव कोण विचारतो? म्हणून चूक कुणी दाखवत नाही आणि ती दुरुस्तही होत नाही. हाच फरक एखाद्या धड्यात नियम म्हणून समजला, शब्दांची जोडी शेजारी शेजारी ऐकवली गेली, तर कान तिकडे वळतो. इथे व्याकरण कानाला सांगते की कुठे ऐकायचे.

चार भाषांत भाव करणाऱ्या हमालाबद्दल मला आदर आहे. पण त्याला काय येते, हे नीट पाहायला हवे. त्याला आकडे येतात, ‘घे-दे’ येते, शिव्या तर उत्तम येतात. त्याच भाषेतला अग्रलेख किंवा न्यायालयाचा कागद त्याच्यापुढे ठेवा. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ साली हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांतच वावर असलेला, गप्पिष्ट, कुणाशीही दोस्ती करणारा माणूस. काही वर्षांत त्याचे संभाषण चांगले सुधारले, व्याकरण मात्र जवळजवळ जिथे होते तिथेच राहिले. त्यानंतर श्मिट या निष्कर्षाला आले की जे लक्षात येत नाही ते शिकले जात नाही. पुढे २००० साली नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तुलना केली, तेव्हा नियम उघड करून शिकवण्याचा फायदा न सांगता शिकवण्यापेक्षा जास्त दिसला.

आपल्या शेजारचेच उदाहरण हवे असेल तर सांगली जिल्ह्यातले कुपवाड घ्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा निबंध भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी नांदल्यामुळे तिथे तिन्हींची वाक्यरचना एका साच्यात आली; शब्द बदलले की भाषा बदलली. तिथल्या मराठीत नदी ‘आली’ नव्हे तर ‘आलं’, कारण कन्नडप्रमाणे माणूस सोडून सगळे नपुंसकलिंगी. हे बोलणे अशुद्ध आहे असे मी मुळीच म्हणणार नाही; गावाची गरज भागवणारी ती एक चोख व्यवस्था आहे. पण गल्ली काय देते हे त्यातून कळते: शब्द तीन भाषांचे, व्याकरण एकच. ज्याला गावाबाहेरची कन्नड वाचायची आहे, त्याला दुसरे व्याकरण बाहेरूनच आणावे लागेल.

तेलुगूचे लिंग तर मराठी माणसाला हमखास चकवते. एकवचनात पुरुष एका बाजूला, स्त्री आणि निर्जीव वस्तू दुसऱ्या बाजूला. बस आली तरी ‘वच्चिंदि’, अक्का आली तरी ‘वच्चिंदि’. अनेकवचनात पुन्हा विभागणी बदलते आणि बायका माणसांत येतात: माणसे ‘वच्चारु’, वस्तू ‘वच्चायि’. त्यात पुरुषासाठी प्रमाण तेलुगूत ‘वच्चाडु’, तर तेलंगणी बोलीत ‘वच्चिंडु’. आता ‘वच्चिंडु’ आणि ‘वच्चिंदि’ भरभर बोलताना ऐका. तो आला की ती, हे शेवटच्या अर्ध्या अक्षरावर ठरते. हा तक्ता डोळ्यांपुढे नसेल तर नवखा माणूस वर्षभर अशोक चौकात बसला तरी गोंधळ तसाच राहील. उलट ‘मनम्’ आणि ‘मेमु’ हा भेद मराठी माणसाला एका वाक्यात समजतो, कारण तो आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’चाच आहे. इंग्रजीतून शिकवणारे धडे मात्र त्यावर पानभर खर्च करतात.

या वादाची खरी कसोटी पाहायची तर सोलापूर सोडून पार आयर्लंडला जावे लागते. तिथल्या आयरिश भाषेत ‘बाद’ म्हणजे होडी. ‘त्याची’, ‘तिची’, ‘त्यांची’ या तिन्हींसाठी शब्द एकच, तोकडा ‘अ’. फरक पडतो तो पुढच्या शब्दाच्या पहिल्या व्यंजनात: त्याची होडी ‘अ वाद’, तिची ‘अ बाद’, त्यांची ‘अ माद’. केवळ कानावर विसंबणाऱ्याला हे तीन वेगळे शब्द वाटतील आणि तो शब्दकोशात ‘माद’ शोधत बसेल. लिहिताना ‘म’ आणि ‘ब’ दोन्ही लिहितात, उच्चार फक्त ‘म’चा, म्हणजे लेखन व्याकरण दाखवते आणि कान ते लपवतो. शिवाय बहुतेक व्यंजनांची दोन रूपे, एक जाड आणि एक तालव्य, आणि त्यांवर अर्थ बदलतो. मराठी माणसाला इथे थोडी सवलत आहे. आयरिशचे जाड ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे आहेत, आपल्यासारखे. इंग्रजी जिभेला तेच जड जातात. सोलापूरच्या उर्दू घरातला मुलगा तर आयरिशचा घशातला ‘ख़’ पहिल्याच दिवशी बरोबर काढेल. डब्लिनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मुलांना शाळेत आयरिश असते आणि गृहपाठाला आईबाप पुरे पडत नाहीत. त्यांच्या गल्लीत आयरिश ऐकू येत नाही. धडे ऑनलाइनच शोधावे लागतात.

यावर पूर्वपक्ष म्हणेल: त्याच आयर्लंडने शंभर वर्षे शाळेत व्याकरण शिकवले, फळ काय? आक्षेप वजनदार आहे. २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते असे सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार. पण या आकड्यांवरून व्याकरण निरुपयोगी ठरत नाही. शिकलेले वापरायला जागा नाही, एवढेच त्यातून कळते. आयर्लंडपाशी धडे आहेत, गल्ली नाही. सोलापूरपाशी गल्ली आहे, धडे नाहीत. ज्याच्याकडे जे अर्धे आहे, तो तेच पूर्ण समजून बसला आहे.

राहिला उच्चाराचा मुद्दा. ‘उच्चार माणसाच्या तोंडूनच शिकावा’, हे पुस्तकांच्या काळी खरे होते. विल्यम कॅरेने मराठीचे व्याकरण १८०५ साली, तेलुगूचे १८१४ साली आणि कन्नडचे १८१७ साली काढले, तेही बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून, पंडितांना हाताशी धरून. व्हिटली स्टोक्स हा आयरिश कायदेपंडित सरकारी नोकरीत हिंदुस्थानात असताना जुन्या आयरिशचे ग्रंथ संपादित करत होता. त्यातला एक प्राचीन शब्दसंग्रह १८६८ मध्ये चक्क कलकत्त्यात छापला गेला. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. गल्ली नसताना भाषा शिकण्याची परंपरा अशी जुनी आहे. लंगडी बाजू एकच: कागदाला आवाज नव्हता. आमच्या आजोबांचे इंग्रजी व्याकरणात पक्के आणि उच्चारात भयंकर होते ते यामुळेच. ऑनलाइन धड्याने नेमकी तीच उणीव भरून काढली आहे. आयरिशच्या एका ऑनलाइन शब्दकोशात एकच शब्द अल्स्टर, कॉनक्ट आणि मन्स्टर अशा तीन बोलींत ऐकता येतो. जपानी लोकांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखायला शिकवण्याचे १९९० च्या दशकातले प्रयोग सांगतात की ध्वनिमुद्रणांवर कान तयार होतो, आणि अनेक जणांचे आवाज ऐकवले तर तो जास्त चांगला तयार होतो. माणसाला तोच शब्द वीसदा म्हणायला लावले तर तो वैतागेल. ध्वनिफीत वैतागत नाही.

ऑनलाइन धड्यांत दोष आहेत, आणि मोठा दोष आपल्याच वाट्याला येतो. कन्नडचे बहुतेक धडे बंगळूरच्या कन्नडचे असतात. त्यावर शिकलेला माणूस अक्कलकोटला ‘बन्नि’ म्हणतो आणि समोरून ‘बर्रि’ येते. दोन्हींचा अर्थ ‘या’. तेलुगूच्या धड्यांत ‘वच्चिंडु’ सहसा भेटत नाही. शिवाय धडा उलट प्रश्न विचारत नाही आणि कुणापुढे कसे बोलावे हे शिकवत नाही. ते गल्लीच शिकवील. पण व्याकरण घेऊन गेलेल्याला, ‘बर्रि’ हे ‘बन्नि’चेच उत्तरेकडचे रूप आहे, एवढे तरी ओळखता येते.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार होते आणि त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांमागे लाखो माणसे चालतात; त्यातल्या किती जणांना त्यांचे एखादे वचन मुळातून कळते? गल्लीतल्या कन्नडने आठशे वर्षांत एवढे अंतर कापलेले नाही.

म्हणून पूर्व भागातल्या निवृत्त तेलुगू शिक्षकांना आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड शिक्षकांना माझी विनंती आहे. मोबाइल पुढे ठेवा आणि व्याकरण मराठीतून सांगा. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’च्या जोड्या आधी घ्या, क्रियापदांचे तक्ते मागाहून. प्रत्येक वाक्य बाई, बुवा, म्हातारा, पोर अशा निरनिराळ्या तोंडांतून वदवून घ्या. आणि ‘बर्रि’, ‘वच्चिंडु’ म्हणायला लाजू नका. बंगळूर आणि हैदराबादचे धडे आधीच भरपूर आहेत, सोलापूरचे तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.