मायनरचा मेजर प्रश्न

बँकेत ‘मायनर’ या शब्दाला एकच अर्थ असतो. अठरा वर्षे पुरी न झालेला खातेदार. अठरा पुरी झाली की तो ‘मेजर’ होतो, नवा फॉर्म भरतो, नव्या सहीचा नमुना देतो आणि पहिल्याच चेकवर ती सही चुकवतो. त्यामुळे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर विषय आले, तेव्हा माझ्या कारकुनी डोक्यात पहिला विचार आला तो असा, की सतरा वर्षांच्या मायनरने आयुष्यभराचा मेजर निवडायचा म्हणजे सहीचा नमुना कोणाचा घ्यायचा?

हा घोळ नवा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. किती? चार! त्यांत एक महादेव गोविंद रानडे आणि एक रामकृष्ण गोपाळ भांडारकर. चौघांत पहिल्या चारांत येणे सोपे, असे कोणी म्हणेल. पण त्याने आधी त्या चौघांत बसून दाखवावे. पुढे भांडारकर संस्कृतात राहिले. रानडे मात्र कायदा शिकून १८९३ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, अर्थशास्त्रावर लिहीत राहिले आणि १९०० साली मराठ्यांच्या इतिहासावरचे पुस्तकही देऊन गेले. यांतला मेजर कोणता आणि मायनर कोणता, हे विचारण्याची हिंमत कोणाला झाली नसावी.

तिकडे अमेरिकेत हार्वर्डला १८६९ साली एलियट नावाचे गृहस्थ अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षे राहिले. त्यांनी पोरांना सांगितले, हवा तो विषय घ्या. म्हणजे बुफेच! आता बुफेत माणूस पोळीभाजीकडे कधी जातो का? पुष्कळांनी सोपे-सोपे विषय ताटात ओढले. मग १९०९ साली लोवेल आले. त्यांनी पान वाढायची आपली पद्धत लावली. एक विषय भरपूर, बाकीचे चवीपुरते. आपल्या भाषेत सांगायचे तर मेजर म्हणजे पानातला भात नि मायनर म्हणजे डावी बाजू. चटणी-कोशिंबिरीवर पोट भरत नाही हे खरे. पण त्यांच्यावाचून नुसता भात गिळून दाखवा.

आमच्याकडे विषय आणि धंदा यांची पत्रिका क्वचितच जुळलेली दिसते. लोकमान्य टिळक बी. ए. ला गणिताचे. मग कायदा शिकले. काढली काय, तर १८८० साली शाळा आणि १८८१ साली वर्तमानपत्रे. धोंडो केशव कर्वेही गणिताचे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाल्यावर त्यांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ उभे केले. दोघेही गणिताचे, पण स्वतःच्या फायद्याचे गणित दोघांनाही आले नाही.

आता आमची शाखा. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले. त्याआधी व्यापार करणारे व्यापार करीत. त्यानंतर लोक तो शिकूही लागले. फरक एवढाच, की शिकलेले बहुधा न शिकलेल्यांच्या पेढीवर हिशेब लिहायला गेले. मी त्याच घराण्यातला. ‘कॉमर्स घे, बँकेत लागशील,’ असे वडील म्हणाले. मी घेतले नि लागलो. या मार्गाने चरितार्थ उत्तम चालला, तक्रार नाही.

पण बँकेत आलो नि कळले, की आमच्या या धंद्याच्या शिखरावर एकदा कोण बसले होते! चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे १९४३ सालचे पहिले भारतीय गव्हर्नर. हे केंब्रिजला काय शिकले? वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र! वनस्पतिशास्त्राचे तर बक्षीस मिळवले. आणि वेळ काढून ‘मेघदूता’चे मराठी भाषांतर केले ते निराळेच. ज्या नोटा आमच्या आधीच्या पिढीतले कॅशियर थुंकी लावून मोजत, त्यांवर एका वनस्पतिशास्त्रज्ञाची सही असे. डेबिट-क्रेडिट पाठ करून आलेले आम्ही, आमच्या सहीने पासबुकसुद्धा धड हलत नाही.

झाले! एवढा पुरावा हाती आला की वाटते, जो येईल त्याला सांगावे, ‘घे रे बाबा वाटेल तो विषय!’ पण सध्या माझे टेबल शैक्षणिक कर्जाचे आहे. परवा एक रिक्षावाले गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला इतिहास घ्यायचा होता. त्यांनी हळूच विचारले, ‘साहेब, यात नोकरी आहे ना?’ त्यांना देशमुख सांगून उपयोग नव्हता. देशमुखांच्या मागे वनस्पतींपेक्षा आय. सी. एस. ची परीक्षा उभी होती, आणि तीत ते पहिले आले होते. रिक्षावर कर्ज असताना मुलीच्या आवडीवर दुसरे कर्ज काढणाऱ्या माणसाची भीती हसण्यावारी नेण्याजोगी नसते.

मी मुलीलाच विचारले, ‘काय वाचताना जेवणाची हाक ऐकू येत नाही तुला?’ ती म्हणाली, ‘इतिहास.’ ‘आणि हाक आल्यावर जेवायचे कशावर?’ ती जरा थांबून म्हणाली, ‘अर्थशास्त्र मायनर घेईन.’ वडिलांच्या चेहऱ्यावर थोडे व्याज जमा झाल्यासारखे दिसले.

कागद झाले. मुलगी सतरा वर्षांची, तेव्हा सही वडिलांची. पण तिला अठरा लागले की कर्जाला तिची संमती आम्ही पुन्हा घेणार, तसा आमचा नियमच आहे. घराघरांतून विषय ठरतात तिथे हा नियम अजून कोणी केलेला नाही. मी त्या गृहस्थांना तेवढेच सांगितले. ते म्हणाले, ‘साहेब, पुढल्या वर्षी विचारतो की तिला.’ आणि रिक्षा रस्त्यात उभी होती म्हणून घाईने निघाले.