रोझा वन : मथळ्यांसाठी ठळक द्विलिपी अक्षरवळण

रोझा वन हे देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपींसाठी घडवलेले, सेरिफ वर्गातील अतिशय ठळक अक्षरवळण होय. टिम डोनाल्डसन आणि ज्योतीश सोनोवाल यांनी त्याचे आरेखन केले व इंडियन टाइप फाउंड्रीने ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. मुक्त परवान्यामुळे ते गूगल फाँट्सवर विनामूल्य उपलब्ध आहे.

घडण

जाड आणि बारीक रेषांमधील तीव्र फरक हे या वळणाचे मुख्य लक्षण. त्यातील रोमन अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाहिरातींसाठी लोकप्रिय झालेल्या ‘फॅट फेस’ वळणाची आठवण करून देतात : उभे दंड भरदार, तर जोडरेषा केसासारख्या बारीक. देवनागरीत रोमनसारखे सेरिफ नसतात. तिची जाडी-बारीकी तिरप्या कापलेल्या बोरूतून आलेली आहे. त्यामुळे दोन लिपींचा मेळ सेरिफ चिकटवून बसत नाही. पानावर दोन्हींचे वजन सारखे भासावे लागते.

उपयोग

मथळे, भित्तिपत्रके, मुखपृष्ठे आणि निमंत्रणपत्रिकांची शीर्षके यांसाठी हे वळण योग्य ठरते. सलग मजकुरासाठी ते नाही : लहान आकारात बारीक रेषा विरतात आणि अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा बुजते. जाडीचा एकच प्रकार असल्याने आतील मजकुरासाठी साधा, हलका फाँट सोबत घ्यावा.

पुंगोलमधील मराठी घरांसाठी

सिंगापूरच्या इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ या चार अधिकृत भाषांपैकी एकही देवनागरीत लिहिली जात नाही. शाळांत मातृभाषा विषयासाठी हिंदीचा पर्याय आहे, मराठीचा नाही. पुंगोलमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाला देवनागरीची ओळख बहुधा हिंदी वळणातून होते. मराठी वळण त्याला दिसते ते घरच्या पुस्तकांत आणि पत्रिकांत. म्हणूनच गणेशोत्सवाच्या किंवा मुंजीच्या द्विभाषिक पत्रिकेतील मोठा मथळा नुसता शोभेचा राहत नाही. तो त्या मुलाचा कित्ता ठरतो.

महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त असावा. काही फाँटमध्ये मराठी व हिंदी अशी दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच मराठी रूप उमटते. ‘ऱ्य’ मात्र टंकलेखनातच नीट यावा लागतो.

छपाईपूर्वी कोणत्याही ठळक फाँटमध्ये ‘शाळा’, ‘लाल’, ‘आचार्यांचे’ आणि ‘आचाऱ्यांचे’ हे चार शब्द उमटवून पाहावेत. शेवटच्या दोन शब्दांतील भेद दिसला नाही, तर जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांचे आभार गुरुजनांच्या नावे जमा होतील.