चित्तेवान, नवाब आणि पेंढा भरलेला सिंह

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात मोठी माणसे तलवारी आणि तैलचित्रांपुढे रेंगाळतात. मुले मात्र पेंढा भरलेल्या जनावरांपुढून हलत नाहीत. वाघ, काळा बिबट्या, अस्वल, रानरेडा आणि सिंह. यांतले बरेचसे प्राणी सह्याद्रीचे रहिवासी म्हणता येतील. सिंह मात्र इथला नाही. नर्मदेच्या दक्षिणेला सिंह होता, असे प्राणिशास्त्रज्ञ मानत नाहीत. म्हणजे आपल्या मुलखात सिंह आला तो नावांतून, ध्वजांवरून आणि अशा भुसा भरलेल्या कातड्यातून.

नावांत तर तो आपल्याच घरी राहतो. असद, हैदर, गझनफर, शेर: मोहल्ल्यातून हाका ऐकाव्यात तर प्रत्येक हाकेचा अर्थ सिंह. हजरत हमजा (र.) आणि हजरत अली (र.) या दोघांनाही अल्लाहचा सिंह म्हटले गेले. फारसीतल्या 'शेर'ने वाघ-सिंहाचा भेदही ठेवला नाही आणि आपल्या दखनीनेही तो ठेवला नाही. ज्या जनावराचे नाव मुलाला द्यायचे, त्याचे मुंडके भिंतीवर टांगायचे, ही जुनी विसंगती आहे. तिचा इतिहास पाहताना कोल्हापूरपासूनच सुरुवात करणे सोयीचे, कारण शिकारीच्या दोन परस्परविरोधी परंपरा या गावाने जवळून पाहिल्या.

पहिली परंपरा चित्त्याची. राजर्षी शाहू महाराजांचे (१८७४-१९२२) शिक्षण काही वर्षे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले. तिथे भावनगरच्या भावसिंहजींशी त्यांची मैत्री जमली. चित्त्यांकरवी हरणांची शिकार करण्याची जुनी पद्धत विसाव्या शतकात ज्या थोड्या संस्थानांत टिकली, त्यांत भावनगर आणि कोल्हापूर ही दोन नावे ठळक आहेत. चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. कोल्हापुरात हे काम करणारी घराणी मुसलमान होती, आणि धंद्याचे हे नाव पुढे आडनाव होऊन बसले. ज्या महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे करून आपल्या मुलांच्या हाती पुस्तके दिली, त्यांच्याच शिकारखान्यात आपलीच माणसे चित्त्याची दोरी धरून उभी होती.

या शिकारीची रीत अशी. रानात पकडलेल्या चित्त्याला कमरेला आणि गळ्याला दोर बांधून माणसांच्या गजबजाटात ठेवायचे. काही महिने त्याच्या कानावर सतत माणसाचा आवाज पडला पाहिजे. चित्तेवान त्याच्या शेजारीच झोपे. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीत बसवायचे. शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची सवय असल्याने काळविटांचा कळप गाडीला बुजत नसे. गाडी जवळ गेली की टोपी काढायची, काळवीट दाखवायचे आणि दोर सोडायचा. पुढचे सगळे काही सेकंदांत संपे. साधला तर काळविटाचा गळा चित्त्याच्या जबड्यात, नाहीतर चित्ता दमून, रुसून बसलेला. मग चित्तेवान धावत पोचे, बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवी आणि पळीभर रक्त किंवा एक तंगडी देऊन चित्त्याची पकड सोडवी.

शरीअतच्या दृष्टीने पाहिले तर या शिकारीत खोट काढणे अवघड आहे. शिकवून तयार केलेल्या जनावरांनी धरलेली शिकार अल्लाहचे नाव घेऊन खावी, अशी परवानगी सूरह माइदामध्येच आहे. जनावर शिकवलेले असावे, त्याने ते स्वतःसाठी नव्हे तर मालकासाठी धरलेले असावे, अशा अटी फिकहच्या ग्रंथांत तपशिलाने येतात. चित्तेवानाला त्या तोंडपाठ असण्याची गरज नव्हती. त्या त्याच्या हातात होत्या. काळवीट मारले जाई आणि खाल्ले जाई.

सिंहाचे तसे नाही. सुळ्यांनी फाडून खाणाऱ्या श्वापदाचे मांस हराम. त्याचे कातडे अंथरून त्यावर बसणेही हदीसमध्ये मना केले आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत तशा हदीस आहेत. उगाच मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी मारणाऱ्याविरुद्ध फिर्याद करील, अशा आशयाची हदीस नसाईने दिली आहे. चिमणीला फिर्यादीचा हक्क असेल तर सिंहाला का नसावा? सिंह गुरांवर किंवा माणसांवर आला तर त्याला मारणे वेगळे. पण भिंतीसाठी, जमिनीवर पसरण्यासाठी, फोटोत पाय ठेवून उभे राहण्यासाठी मारलेला सिंह कोणत्याही सबबीत बसत नाही.

आपल्या बादशाहांनी मात्र ही सबब शोधलीच नाही. त्यांना गरज वाटली नाही. जहांगीरने आपल्या आठवणींत शिकारीचा हिशेब एखाद्या मुनीमासारखा मांडला आहे: वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे पडली, त्यातली १७,१६७ त्याने स्वतः मारली, आणि त्यांत ८६ 'शेर'. हाच जहांगीर लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा बंदुकीने जीव न मारण्याची शपथ घेतो. म्हणजे मन खात होतेच. सिंह मारणे हा फक्त बादशाहाचा हक्क असल्याने एक गोष्ट नकळत झाली. बाकीच्यांच्या हातून सिंह वाचले.

तो पहारा इंग्रजी अमलात उठला. १८५७ च्या धामधुमीत एका इंग्रज अधिकाऱ्याने ३०० सिंह मारले, त्यातले ५० दिल्लीच्या परिसरात, अशी नोंद आहे. एकोणिसावे शतक संपेपर्यंत उत्तर हिंदुस्थानातला सिंह संपला आणि उरला तो फक्त काठेवाडात, जुनागढच्या नवाबाच्या गीर जंगलात.

नवाब रसूलखानजींनी सिंहांना संरक्षण दिले. लॉर्ड कर्झन १९०० साली जुनागढला आला तेव्हा त्यानेही सिंहाच्या शिकारीचा बेत सोडला आणि उरलेले सिंह जपण्याचा सल्ला दिला. १९१३ साली सिंहांची संख्या विसापेक्षा जास्त नसल्याचे एका वनाधिकाऱ्याने लिहिले. हा आकडा मुद्दाम कमी सांगितला असावा, असे अभ्यासकांना वाटते. व्हाइसरॉयपासून शेजारच्या राजापर्यंत प्रत्येकाला सिंह हवा असे, आणि 'आता फारसे उरलेच नाहीत' हे नवाबाच्या हातातले सर्वात सभ्य उत्तर होते. नवाब महाबतखानजींच्या काळात परवाने मोजूनमापून दिले गेले. १९३६ साली संस्थानाने केलेल्या मोजणीत २८७ सिंह भरले.

महाबतखानजींची आठवण आज कशासाठी काढली जाते? कुत्र्यांच्या लग्नासाठी आणि १९४७ साली पाकिस्तानात सामील होण्याच्या निर्णयासाठी. त्या निर्णयाचे समर्थन करण्याचे मला कारण नाही. पण २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये जे ८९१ सिंह मोजले गेले, त्यांचे पूर्वज याच घराण्याच्या राखलेल्या रानात वाचले, एवढे तरी पाठ्यपुस्तकात लिहायला हरकत नव्हती.

इथे एक अडचण कबूल केली पाहिजे. नवाब अहिंसावादी नव्हते. पाहुण्यांना सिंह मारू देत, फक्त मोजके. आमच्या कोल्हापूरजवळचे दाजीपूरही महाराजांचे शिकारीचेच रान होते. राखीव असल्यामुळे तिथला गवा टिकला, १९५८ साली ते अभयारण्य झाले आणि पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. आफ्रिकेत परवान्याने सिंह मारू देणारी सरकारे आज हेच सांगतात: शिकारीचा पैसा येतो म्हणून रान राहते, नाहीतर तिथे गुरे चरतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

पण त्याचा हिशेब शिकारी करतो तसा होत नाही. भिंतीसाठी निवडायचा तर दाट आयाळीचा, ऐन उमेदीतला नर. तो मेला की कळपावर दुसरे नर चाल करून येतात आणि आधीच्या नराचे छावे मारून टाकतात. एका परवान्यावर एक सिंह लिहिलेला असतो, जातात मात्र अनेक. सहा वर्षांखालील नर मारू नये, असा नियम पाळला तर हे नुकसान टळू शकते, असे टांझानियातल्या अभ्यासकांनी दाखवले. पण झुडपाआडच्या सिंहाचे वय, दाम मोजून आलेला पाहुणा कसे पाहणार? २०१५ साली झिम्बाब्वेत 'सेसिल' नावाचा, शास्त्रज्ञांनी गळ्यात पट्टा घातलेला सिंह राष्ट्रीय उद्यानाबाहेर आमिष दाखवून आणला गेला. बाणाने जखमी होऊन तो कित्येक तास जिवंत होता. जगभर संताप झाला. केनियाने १९७७ सालीच शिकार बंद केली होती. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली.

आता पुन्हा चित्त्याकडे. वर म्हटले की त्या शिकारीत शरीअतची खोट निघत नाही. तरीही सिंह वाचला आणि चित्ता संपला. चित्ता कैदेत वितच नसे. जहांगीरच्या काळात एकदा पिल्ले झाली त्याचे नवल त्याने लिहून ठेवले. त्यानंतरची पहिली नोंद थेट १९५६ ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. शिवाय शिकार आईकडून शिकलेला मोठा चित्ताच कामाचा. म्हणजे अकबराचे हजार चित्ते काय किंवा पुढच्या संस्थानांतले काय, प्रत्येक जण रानातून उचललेला, आणि त्याच्यामागे रानात वंश नाही. त्यात शेतीने माळ खाल्ले, काळवीट घटले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा आफ्रिकेतून आणावे लागले. १९१८ ते १९४५ या काळात संस्थानांनी सुमारे २०० आणले. कोल्हापूर त्यांत पुढे होते. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते गोळीने टिपले. हिंदुस्थानातले ते शेवटचे म्हणून धरले जातात. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

त्या तीन गोळ्यांवर सगळा दोष टाकणे सोपे आहे. पण रान त्याआधीच रिकामे झाले होते, आणि ते रिकामे करण्यात ज्या शिकारीत काही हराम नव्हते, जिच्यात आमचा हात कसबी होता, तिचाही वाटा आहे. हलाल काय आणि हराम काय, हे फिकहने समोरच्या एका जनावरापुरते सांगितले. रानात मागे किती उरले, हा प्रश्न चित्तेवानाला कुणी विचारला नाही. तो तर पगारी माणूस. दरबारालाही कुणी विचारला नाही.

मध्य प्रदेशातील कुनोचे जंगल मुळात गीरचे सिंह हलवण्यासाठी तयार केले गेले. त्यासाठी २४ गावे उठवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सिंह सहा महिन्यांत हलवावेत असा आदेश दिला. सिंह आले नाहीत. त्याच कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते उतरले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. वर्तमानपत्रांतून त्यांच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यांचे फोटो छापून आले. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी कशी बांधायची, हे माहीत असलेला माणूस आता कोल्हापुरात सापडणार नाही. आडनाव तेवढे आहे.