बेने इस्रायल : व्हिसा आजोबांच्या नावावर, परीक्षा आजीच्या वंशाची

पूर्वजांच्या आधारे परदेशात कायमचे वास्तव्य करू देणारे कायदे अनेक देशांत आहेत. महाराष्ट्रातील एका संपूर्ण समाजाचे भवितव्य मात्र त्यांपैकी एकाच कायद्याने बदलले. तो म्हणजे इस्रायलने ५ जुलै १९५० रोजी संमत केलेला ‘परतीचा कायदा’.

या कायद्यानुसार प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क असून त्यासाठी ‘ओले’, म्हणजे परतून येणारा, या नावाचा खास व्हिसा दिला जातो. १९७०च्या दुरुस्तीने हा हक्क ज्यू व्यक्तीची मुले, नातवंडे आणि या सर्वांचे पती वा पत्नी यांनाही मिळाला. आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी व्हिसापुरते ते पुरेसे ठरते.

कोकणातील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून काही कुटुंबे वाचली आणि त्यांचाच पुढे विस्तार झाला. तेलघाण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. मराठी ही त्यांची मातृभाषा. स्वातंत्र्यानंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले.

व्हिसा मिळाला म्हणजे सारे मिळाले, असे मात्र झाले नाही. भेदभावाची तक्रार करीत निदर्शने करणारा एक गट १९५२मध्ये भारतात परतलाही. त्यातील अनेक जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. खरा पेच विवाहाचा होता. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिलेल्या या समाजाने घटस्फोटाचे धार्मिक नियम पाळले असतील काय, अशी शंका धर्मपीठाने घेतली. १९६२च्या आदेशानुसार बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य ज्यूशी विवाह लावण्यापूर्वी तिची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासायच्या होत्या. राज्याने ज्यांना ज्यू म्हणून बोलावले, त्यांच्याच वंशाची अशी उलटतपासणी व्हावी, हे अपमानास्पदच होते. जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. अखेर ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला आदेशातून या समाजाचे नाव वगळावे लागले.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे तेथील नागरिक झालेल्यांचे भारतीय पारपत्र संपुष्टात येते. भारतात दीर्घ वास्तव्याची मुभा देणारे ‘ओसीआय’ कार्ड भारतीय नागरिकाच्या पतवंडांपर्यंत मिळू शकते. परंतु परदेशी सैन्यातील सेवा त्याच्या आड येई आणि इस्रायलमध्ये तर ती सक्तीची. जुलै २०१७मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेल अवीव येथे या सक्तीच्या सेवेची अडचण दूर करण्याची घोषणा केली. या कार्डासाठी तेथे जन्मलेल्या तरुणाला सिद्ध करावे लागते, ते आपले आजोबा वा पणजोबा भारतीय होते हे.